विज्ञानकथेवरील शूटर गेमच्या दुसऱ्या भागाचे परीक्षण कसे लिहावे

गेमच्या दुसऱ्या भागाची परीक्षणे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती म्हणजे लिहिणारा मोजदाद करत सुटतो. शस्त्रे किती वाढली, नकाशे किती मोठे झाले, ग्राफिक्स किती सुधारले, याची जंत्री दिली की काम झाले असा समज दिसतो. वाचकाच्या मनातले प्रश्न मात्र निराळे असतात. ज्याने पहिला भाग खेळला आहे त्याला आपल्या आवडीचे काय राहिले आणि काय गेले हे जाणून घ्यायचे असते. ज्याने तो खेळलेला नाही त्याला थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का, एवढेच विचारायचे असते. या दोघांना एकाच लेखात उत्तर द्यायचे, तर निर्मात्यांनी पहिल्या भागाच्या बाबतीत कोणता निर्णय घेतला हे शोधून काढावे लागते आणि परीक्षण त्या निर्णयाचे करावे लागते. ते पायरीपायरीने कसे करावे, हे येथे ‘टायटनफॉल २’ समोर ठेवून सांगितले आहे. रिस्पॉन एंटरटेनमेंटने तयार केलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २८ ऑक्टोबर २०१६ रोजी बाजारात आणलेला हा गेम आता जुना झाला आहे. पण शिकण्यासाठी जुना गेमच बरा, कारण त्याच्याभोवतीचा जाहिरातीचा धुरळा केव्हाच खाली बसलेला असतो.

पहिली पायरी : पहिल्या भागाचा हिशेब मांडावा

दुसरा भाग सुरू करण्यापूर्वी पहिला पुन्हा खेळावा. पूर्वी खेळला होता, आठवतो, एवढ्यावर विसंबू नये. आठवणीतला गेम नेहमी प्रत्यक्षापेक्षा वेगवान आणि गुळगुळीत असतो. कधी कधी पहिला भाग मिळणेच कठीण होते. पहिला ‘टायटनफॉल’ डिसेंबर २०२१ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला. अशा वेळी खेळाडूंनी केलेली चित्रीकरणे सलग पाहावीत आणि आपण तो स्वतः खेळलेलो नाही हे परीक्षणात स्पष्ट लिहावे.

मग वहीचे एक पान घेऊन त्यावर ‘ठेवले’, ‘टाकले’, ‘बदलले’ आणि ‘नव्याने आणले’ असे चार रकाने आखावेत. ‘टायटनफॉल’साठी हे पान असे भरते. पायलटने, म्हणजे खेळाडू ज्याच्या रूपाने खेळतो त्या सैनिकाने, भिंतीवरून धावणे, हवेतच दुसरी उडी घेणे आणि आकाशातून टायटन नावाचा अजस्र यंत्रमानव मागवून त्यात बसणे, हा गाभा तसाच ठेवला आहे. २०१४ च्या पहिल्या भागात स्वतंत्र सिंगल प्लेअर कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची सलग कथा, नव्हते. कथा मल्टिप्लेअर (इतर खेळाडूंशी ऑनलाइन खेळायच्या) सामन्यांच्या आधी-मध्ये संवादांतून ऐकू येई. दुसऱ्या भागात संपूर्ण कॅम्पेन नव्याने आणले. पहिल्या भागात टायटनचे तीन सांगाडे होते आणि त्यांवर शस्त्रे आपल्या मर्जीने चढवता येत. दुसऱ्यात आयन, स्कॉर्च, नॉर्थस्टार, रोनिन, टोन आणि लीजन असे सहा टायटन आले, पण प्रत्येकाचे शस्त्र ठरलेले. आपोआप नेम धरणारे स्मार्ट पिस्तूल पहिल्या भागात कोणीही रोजच्या वापरासाठी घेऊ शके. दुसऱ्या भागात ते सामन्यात कमवावे लागते. टायटनचे कवच पूर्वी आपसूक भरून येई. आता त्यासाठी पायलटला बॅटरी आणून द्यावी लागते, आणि ती बहुधा शत्रूच्या टायटनवर चढून उपटून आणावी लागते.

एवढे लिहून झाल्यावर प्रत्येक नोंदीपुढे ‘का?’ हा प्रश्न घालावा. बॅटरीचे उदाहरण पाहावे. कवच आपोआप भरते तेव्हा टायटनमधला खेळाडू आडोशाला दडून वाट पाहतो. बॅटरी लागते तेव्हा त्याला सोबत्याची गरज पडते आणि पायी लढणाऱ्या पायलटलाही टायटनच्या लढाईत काम मिळते. याउलट, ठरलेल्या शस्त्रांमुळे समोरचा टायटन पाहताच त्याच्याशी कसे लढायचे हे कळते, परंतु आपला टायटन आपल्या हातांनी घडवण्याची मौज जाते. माझ्या मते पहिला बदल निर्विवाद चांगला आहे आणि दुसऱ्यात नफा-तोटा सारखाच आहे. परीक्षकाने अशा प्रत्येक बदलावर आपले मत बांधावे. केवळ ‘काही चाहत्यांना हे आवडणार नाही’ असे म्हणून अंग काढून घेऊ नये.

दुसरी पायरी : दोनदा खेळावे

पहिल्या वेळी वही मिटून खेळावे. ‘टायटनफॉल २’चे कॅम्पेन पाच-सहा तासांत संपते, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळण्यास निमित्त सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळी काठिण्यपातळी एक पायरी वाढवावी आणि नोंदी घ्याव्यात. कोणत्या पातळीवर, कोणत्या यंत्रावर आणि माउसने खेळलो की कंट्रोलरने, हे लेखात सांगणे अत्यावश्यक आहे; शूटर गेममध्ये याने अनुभव पुरता पालटतो.

तिसरी पायरी : हाताला काय जाणवते ते शब्दांत आणावे

शूटर गेमच्या परीक्षणातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि बहुतेक जण तो ‘गनप्ले उत्तम आहे’ या तीन शब्दांत उरकतात. बंदूक चालवण्याच्या अनुभवाचे तुकडे करून पाहावेत: बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत काही विलंब जाणवतो का, धक्का बसून नळी किती आणि कोणत्या दिशेला उचलली जाते, आवाजाला वजन आहे का, गोळी लागल्यावर शत्रू अडखळतो की लाकडाच्या ओंडक्यासारखा उभाच राहतो, मॅगझिन बदलताना आपण किती काळ असहाय असतो. यांतली प्रत्येक गोष्ट दोन शस्त्रांच्या बाबतीत पडताळली तरी लिहायला भरपूर साहित्य हाती लागते.

त्यानंतर चालण्या-धावण्याकडे वळावे. ‘टायटनफॉल २’मध्ये भिंतीवरून धावताना वेग वाढतो आणि सपाट जमिनीवर तो टिकत नाही, म्हणून खेळाडू नकळत जमीन टाळू लागतो आणि नवीन खोलीत शिरताच आधी शत्रू न पाहता भिंती पाहतो. ही सवय गेमने शब्दही न बोलता लावली, हे लिहिण्याजोगे आहे. सुरुवातीला ‘गॉन्टलेट’ नावाचा सरावमार्ग येतो आणि त्याला लागलेला वेळ गेम मोजतो. तो वेळ टिपून ठेवावा, कॅम्पेन संपल्यावर पुन्हा तोच मार्ग धावावा आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. गेमने आपल्याला काय शिकवले याचा याहून सरळ पुरावा मिळणार नाही. नंतर टायटनमध्ये बसून फरक जोखावा: तिथे उडी नाही, पावले जड आहेत, आणि बाजूला झपाट्याने सरकण्याची सोय असली तरी ती मोजून वापरावी लागते. हलका पायलट आणि जड टायटन यांतली ही अदलाबदल गेमच्या केंद्रस्थानी आहे, त्यामुळे परीक्षणातही तिला मोठी जागा द्यावी.

दुसऱ्या भागातले बदल कधी कधी खेळाडूच्या स्वभावालाच आव्हान देतात. मार्च २०२० मधील ‘डूम इटर्नल’ त्याचे ठळक उदाहरण आहे. २०१६ च्या ‘डूम’मध्ये एका आवडत्या बंदुकीवर बराच पल्ला गाठता येत असे. पुढच्या भागात गोळ्या मुद्दाम तोकड्या ठेवल्या. गोळ्या हव्यात तर करवत चालवायची, चिलखत हवे तर शत्रूवर आग फेकायची, प्रकृती सावरायची तर जवळ जाऊन निर्णायक घाव घालायचा. कोणाला हे शिस्तबद्ध नृत्यासारखे वाटले, कोणाला जाचक. परीक्षकाला स्वतःला जे वाटले ते त्याने सांगावे, पण गेम त्याच्याकडून काय मागत होता हे आधी नेमके मांडावे, म्हणजे वेगळ्या स्वभावाच्या वाचकाला आपला निर्णय स्वतः करता येतो.

चौथी पायरी : एकच प्रसंग निवडून उलगडावा

संपूर्ण कथा सांगत बसू नये. जॅक कूपर हा साधा रायफलधारी सैनिक, त्याच्या वाट्याला आलेला बीटी-७२७४ हा टायटन आणि टायफॉन या ग्रहावरची त्यांची मोहीम, एवढे पुरे; शेवट उघड करू नये. त्याऐवजी गेमचे गुणदोष ज्यात एकवटले आहेत असा एक प्रसंग घ्यावा.

येथे ‘इफेक्ट अँड कॉज’ हे प्रकरण घेता येईल. कूपर एका उद्ध्वस्त संशोधन केंद्रात शिरतो आणि त्याला मनगटावर बांधायचे एक उपकरण मिळते. एक बटण दाबले की तेच केंद्र भूतकाळात, धडधाकट आणि पहारेकऱ्यांनी भरलेले दिसते; पुन्हा दाबले की वर्तमानातले पडके छत आणि रानटी जनावरे. मध्ये थांबणे नाही, लोडिंगचा पडदा नाही. वर्तमानात कोसळलेली भिंत भूतकाळात उभी असते, म्हणून खेळाडू एका काळातल्या भिंतीवरून धावतो, हवेत असतानाच काळ बदलतो आणि दुसऱ्या काळातल्या भिंतीवर उतरतो. पहारेकऱ्यांनी घेरले तर वर्तमानात निसटून त्यांच्या पाठीमागे जाऊन परत भूतकाळात प्रकटता येते. यामागची युक्तीही साधी आहे: एकाच इमारतीची दोन रूपे एकावर एक रचलेली असतात आणि बटण दाबताच खेळाडूला वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर टाकावे, तसे हलवले जाते.

आता परीक्षकाचे काम सुरू होते. हे उपकरण त्या प्रकरणापुरतेच मिळते आणि काढून घेतले जाते. आधीच्या ‘इनटू द अबिस’मध्येही असेच घडते: घरे जुळवणाऱ्या अवाढव्य कारखान्यात सरकत्या भिंतींवरून धावायचे आणि ती कल्पना तिथेच सोडायची. कल्पना कंटाळवाणी होण्याआधी टाकून देण्याची ही पद्धत माझ्या दृष्टीने या कॅम्पेनचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे, आणि कॅम्पेन तोकडे असल्याच्या तक्रारीचे मूळही तिच्यातच आहे. (योगायोग असा की, बरोबर दोन आठवड्यांनी आलेल्या ‘डिसऑनर्ड २’मध्येही एका हवेलीत काळ बदलत फिरण्याचे प्रकरण आहे.)

पाचवी पायरी : विज्ञानकथा खेळण्यात उतरली आहे का, ते तपासावे

परके ग्रह, चकाकणारी चिलखते आणि निळे दिवे म्हणजे विज्ञानकथा नव्हे. त्या जगातली कल्पना खेळाडूच्या हाती साधन म्हणून येते का, हे पाहावे. नोव्हेंबर २००४ मधील ‘हाफ-लाइफ २’ची ग्रॅव्हिटी गन त्या कसोटीवर पूर्ण उतरते: वस्तू ओढून घेणे आणि भिरकावणे एवढेच ती करते, पण तिच्यामुळे खोलीतले प्रत्येक पिंप, करवतीचे प्रत्येक पाते शस्त्र बनते. कथेच्या बाबतीत त्याच महिन्यातला ‘हेलो २’ आठवावा. त्याने कॅम्पेनचा मोठा भाग शत्रुपक्षातल्या आर्बिटरच्या डोळ्यांतून दाखवला, हे धाडस होते. मात्र कथा ऐन रंगात असताना तुटली आणि पुढचा भाग येण्यास सप्टेंबर २००७ उजाडला. दुसरा भाग स्वतःपुरता पूर्ण आहे की तिसऱ्याची जाहिरात आहे, हे शेवट न फोडताही सांगता येते आणि ते सांगावेच.

सहावी पायरी : मल्टिप्लेअर आणि तांत्रिक बाजू

मल्टिप्लेअरवर पहिल्या दिवशी मत देऊ नये. त्या दिवशी सर्वच खेळाडू नवखे असतात आणि सर्व्हरवर गर्दी असते. निदान एक आठवडा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी खेळावे आणि सामना जुळायला किती वेळ लागतो याची नोंद ठेवावी. सर्व्हर किती दूर आहे, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) किती येतो, हे पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या वाचकाला परदेशी परीक्षणातून कधीच कळत नाही. आपल्याकडून त्याला नेमकी हीच माहिती हवी असते.

तांत्रिक नोंद थोडक्यात असावी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, मिळतात तेव्हा एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, ३० मिळतात तेव्हा ३३.३, भिंतीवरून धावत नेम धरताना हा फरक हाताला कळतो. सरासरी आकड्यापेक्षा गर्दीच्या लढाईत तो किती घसरतो हे महत्त्वाचे. दृष्टिक्षेत्र, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा भाग, कमी-जास्त करता येते का, हेही पाहावे. ते अरुंद असेल तर अनेकांना मळमळते. उपशीर्षके वाचण्याइतकी मोठी आहेत का आणि रंगांधळ्या खेळाडूंसाठी सोय आहे का, हे तपासायला पाच मिनिटे लागतात.

सातवी पायरी : लिहावे

प्रत्यक्ष लिहिताना वहीतल्या चार रकान्यांतून निर्मात्यांचा मुख्य निर्णय एका वाक्यात काढावा आणि तो पहिल्या दोन परिच्छेदांत सांगून टाकावा. ‘टायटनफॉल २’साठी ते वाक्य माझ्या लेखी असे: पहिल्या भागाची रिकामी राहिलेली बाजू भरून काढताना निर्मात्यांनी वेगाला हात लावला नाही, स्वातंत्र्याला मात्र थोडी कात्री लावली. पुढचे सर्व काही या वाक्याचा पुरावा म्हणून यावे. जे त्याच्याशी जोडता येत नाही ते बहुधा वगळता येते.

शब्दांच्या बाबतीत सोवळे पाळू नये. सर्व्हर, पिंग, मल्टिप्लेअर, कॅम्पेन हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी आहेत, ते तसेच ठेवावेत. पण ‘इमर्सिव्ह’, ‘नेक्स्ट लेव्हल’ यांसारखे शब्द लेखणीच्या टोकाशी आले, तर आपण तिथे काय पाहिले हे सांगायचे राहून गेले आहे असे समजावे आणि ते सांगावे.

बाजारातल्या घडामोडींना गुणांकनात शिरू देऊ नये. ‘टायटनफॉल २’च्या एक आठवडा आधी त्याच प्रकाशकाचा ‘बॅटलफील्ड १’ आला होता आणि एक आठवड्याने ‘कॉल ऑफ ड्यूटी : इन्फिनिट वॉरफेअर’ आला, दोघांच्या कात्रीत सापडल्याने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. गेमच्या प्रतीचा त्याच्याशी संबंध नाही, मात्र सामने जुळण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा उल्लेख मल्टिप्लेअरच्या परिच्छेदात करावा.

लेखाच्या तळाशी गेमची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेपर्यंत खेळलो ते लिहावे. ‘टायटनफॉल २’मध्ये नंतरचे नकाशे मोफत मिळत गेले आणि २०१७ मध्ये मोनार्क हा सातवा टायटन दाखल झाला, ऑक्टोबर २०१६ मध्ये लिहिलेला मल्टिप्लेअरचा परिच्छेद वर्षभरातच अपुरा ठरला. असे झाल्यास जुना मजकूर पुसू नये. त्याखाली नवी तारीख घालून भर टाकावी.