फ्लाइट सिम्युलेटर अडखळत होता, तेव्हा मी प्रोसेसर का बदलला

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान चालवण्याच्या संगणकीय खेळात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना, विमान शहरावर आले की चित्र अडखळू लागे. बहुतेकांनी नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला दिला. परंतु एवढा खर्च करण्यापूर्वी अडचण नेमकी कुठे आहे, हे तपासणे मला आवश्यक वाटले. खेळाच्या डेव्हलपर मोडमधील फ्रेमरेटची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येची) चौकट उघडली असता त्यात मेन थ्रेडमुळे, म्हणजे प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळाच्या मुख्य कामामुळे, वेग मर्यादित असल्याची नोंद दिसली, आणि रिझोल्यूशन कमी करून ग्राफिक्स कार्डावरचा भार हलका केला तरी फ्रेमरेट जागचा हलला नाही. म्हणजेच ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची वाट पाहत थांबत होते.

माझा मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा एक प्रकार) असल्याने तो कायम ठेवून मी रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर निवडला. त्याच्या साध्या भावंडात, म्हणजे ५८००एक्समध्ये, ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधीलच जलद स्मृती) असते, तर यात ९६ एमबी. आणि सिम्युलेटरला कोरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-विभागांच्या) संख्येपेक्षा या कॅशेचाच अधिक उपयोग होतो, असे माझे ठाम मत आहे. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे मात्र विसरू नये. हा प्रोसेसर बराच तापतो, त्यामुळे चांगला कूलरही घेतला. आता त्याच धावपट्टीवर विमान सलग, न अडखळता उतरते.