वाटी जागेवर बसली, पण गुडघ्याच्या आत काय तुटलं? या चुका टाळा

खो-खोत खांबाला वळसा घेताना पाय जमिनीत रोवलेला राहतो आणि अंग वळतं. गुडघा जरासा वाकलेला असेल तर त्या एका क्षणात वाटी बाहेरच्या बाजूला सरकते. मुलगी किंचाळून खाली बसते. पाय सरळ होताच वाटी बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते आणि मैदानावर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: वाटी बसली, म्हणजे दुखापत संपली असं धरून चालणं.

वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एक लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, असतं. डॉक्टर त्याला एमपीएफएल म्हणतात. पहिल्यांदा वाटी सरकते तेव्हाच बहुतेकांचं ते फाटतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, मात्र अनेकदा वाटी परत येताना मार बसतो. वाटीची आतली बाजू मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आपटते आणि दोन्हीपैकी कुठूनही कूर्चेचा टवका उडू शकतो, कधी हाडाच्या कपचीसकट. कूर्चेत ना मज्जातंतू, ना रक्तवाहिन्या. त्यामुळे दुखण्यावरून नुकसानाचा अंदाज येत नाही आणि ते सहसा आपोआप भरूनही येत नाही.

वाटी बाहेरच अडकली असेल तर हाताने ढकलू नका. पाय आहे तसा उशीचा आधार देऊन दवाखान्यात न्या. तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं तर नकोच. आत सुटलेली कपची असेल तर त्या ओढाताणीत आणखी इजा होते.

सुजेकडेही नीट पाहा. काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलं आहे असं समजा. सुईने काढलेल्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगताना दिसले, तर आत हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता असते.

‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून घरी परतलेल्यांची मला फार काळजी वाटते. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, हाडाची लहान कपचीही निसटते. गुडघा वाकवून काढलेला स्कायलाइन एक्स-रे थोडं जास्त दाखवतो. पण सूज मोठी असेल, किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर एमआरआयचा खर्च टाळू नका. हाडासकट निघालेला मोठा तुकडा पहिल्या काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, परत जागेवर बसवता येतो. उशीर झाला की त्याच्या कडा गोल होतात, तो नीट बसत नाही आणि मग बऱ्याचदा काढूनच टाकावा लागतो. तरुण गुडघ्यातली चांगली कूर्चा अशी गमावणं मनाला लागतं.

याच्या उलट चूक म्हणजे पाय महिना-दीड महिना पट्ट्यात बांधून ठेवणं. साचलेल्या पाण्यामुळे मांडीचा स्नायू आधीच ढिला पडतो, त्यात हालचाल बंद झाली की तो झपाट्याने वाळतो आणि गुडघा आखडतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्यासारखा साधा व्यायाम बहुतेकांना लवकर सुरू करता येतो. तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जन सांगतील तेव्हाच.

वाटी पुन्हा पुन्हा सरकते तेव्हा फक्त लिगामेंटकडे बघून भागत नाही. वाटी जिच्यात बसते ती मांडीच्या हाडातली खाच उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर आहे का, तिचा कंडरा (हाडाला जोडणारी चिवट दोरी) नडगीवर फार बाहेर जोडला आहे का, हे सर्जनना आवर्जून विचारा. मांडीमागच्या कंडऱ्यातून नवं लिगामेंट घालता येतं, पण ही ठेवण खूपच बिघडलेली असेल तर नुसत्या लिगामेंटवर सगळा ताण येतो. पुष्कळदा ही ठेवण दोन्ही पायांत सारखीच असते. म्हणून तपासणीच्या वेळी न दुखणारा गुडघाही डॉक्टरांना दाखवा आणि व्यायाम दोन्ही पायांचा करा.