सदाफुलीच्या रसाचा मेसेज आला की आधी काय बघायचं

आमच्या आत्याची केमो चालू होती तेव्हा रोज कोण ना कोण काहीतरी घेऊन यायचं, लक्ष्मणफळाची पानं, गव्हांकुराचा रस, आणि गंगावेशीतनं एक काका तर सदाफुलीचा पाला पिशवीभर घेऊन आले, "वहिनी, ह्याच्यापासनंच कॅन्सरचं औषध बनतंय, गुगलवर बघा." बघितलं. काका खोटं बोलत नव्हते, आणि गोची तिथंच आहे.

तर असं काही आलं की मी झाडाचं नाव बाजूला ठेवतो आणि आतल्या कंपाउंडचं, म्हणजे रासायनिक घटकाचं, नाव शोधतो. सदाफुलीत विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन असतं. विनक्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ ला मान्यता मिळाली, लहान पोरांच्या ब्लड कॅन्सरला अजून देतात. पण डोस बघा, एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, म्हणजे मिठाचे मोजून थोडे कण, ते पण शिरेतनंच, चुकून मणक्यात गेलं तर माणूस हाताला लागत नाही. आता वाटीभर रसात ते किती उतरलं हे कोण मोजणार? आणि पाल्यात बाकीची शंभरावर अल्कलॉइड्स, म्हणजे अशीच अंगावर परिणाम करणारी रसायनं, असतात ती वेगळीच, आधीच केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या बाईला ते कशाला पाजायचं.

मग बघायचं, "सिद्ध झालंय" म्हणजे नेमकं कुठं? काचेच्या डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी फिनेल टाकलं तरी मरतात ओ. डिशनंतर उंदीर, उंदरानंतर माणसांवर चाचणीचे टप्पे, फेज एक, दोन, तीन, आणि बहुतेक कंपाउंड मधेच गळतात. लक्ष्मणफळ केमोच्या दहा हजार पट भारी वगैरे जे फिरतंय ते डिशमधलंच आहे.

आपल्या घाटातलंच उदाहरण घ्या. नरक्या नावाचं झाड आहे, त्यातल्या कॅम्प्टोथेसिनसाठी चोरून तोडतात आणि बाहेर पाठवतात. हे कंपाउंड पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, १९६६ ला, शोधणारे मनरो वॉल आणि मनसुख वाणी, वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारचे, टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध पण ह्याच जोडीचं. पण गंमत अशी की शुद्ध कॅम्प्टोथेसिन पेशंटना दिल्यावर मूत्राशयाला इतका त्रास झाला की काम थांबवावं लागलं, पुढं रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं केली, त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा १९९६ उजाडलं. तीस वर्षं! आणि आपण नरक्याची साल उकळून प्यायचं म्हणतोय.

समुद्रातल्याचं पण तसंच. सायटाराबिन ह्या कॅन्सरच्या औषधाची आयडिया कॅरिबियन स्पंजवरनं आली (स्पंज म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारा प्राणी), एरिब्युलिन हे दुसरं औषध जपानी स्पंजमधल्या रेणूवरनं, त्याला २०१० ला मान्यता मिळाली, पण ही औषधं आता लॅबमध्येच बनवतात, कोण स्पंज पिळत बसत नाही. त्यामुळं समुद्री शेवाळाच्या पावडरीचा डबा कुणी ह्या नावावर खपवत असेल तर सरळ नको म्हणा.

अभ्यास खरंच चालू आहे का हे बघायला सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) म्हणून सरकारी साइट आहे, फुकट आहे, माणसांवरच्या ट्रायलची तिथं नोंद करावी लागते. कंपाउंडचं नाव टाका, फेज बघा, किती पेशंट घेतलेत बघा. एक लक्षात ठेवा, तिथं नोंद आहे म्हणजे औषध चालतंय असं नाही, तपासायला घेतलंय एवढंच. आणि ट्रायलमध्ये घ्यायला पैसे मागतोय कोण तर उठून या.

हळदीचं सगळे विचारतात. भाजीत घाला की, काय होत नाही. पण हळदीतलं कुरकुमिन अंगात फारसं मुरत नाही म्हणून गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात, आणि अशा गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस झाल्यात, शिवाय केमोची औषधं पण बरीचशी लिव्हरमधनंच निघतात.

आणि आधीच काही चालू केलं असेल तर लपवू नका. आत्यानं दोन आठवडे कसलं तरी चूर्ण गुपचूप घेतलं, डॉक्टर ओरडतील म्हणून, रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे चढले आणि केमोची पुढची फेरी लांबली, चूर्णानंच झालं का केमोनं हे शेवटपर्यंत कळलं नाही. डबा तसाच पिशवीत घालून ओपीडीला न्या, लेबल नसलं तरी न्या, कधीपासनं आणि दिवसाला किती चमचे ते कागदावर लिहून ठेवा, कारण आत गेल्यावर ऐनवेळी काहीच आठवत नाही.