खेड्यात फिल्ड सेल्सची इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

दर खरिपात बियाणं-औषधांच्या कंपन्यांकडून कृषी शाखेची पोरं यवतमाळ, वाशीम, वर्ध्याच्या खेड्यांत येतात. डोक्यावर टार्गेट, बॅगेत पत्रकं. बोलता आलं की माल खपतो, असं बहुतेकांना वाटतं. इथे आधी विचारता यावं लागतं.

दुपारी गावात जाणं. जुलै-ऑगस्टात डवरणी, निंदण, फवारणी चालू असते. कास्तकार सकाळीच वावरात जातो, दुपारी पारावर म्हातारी माणसं तेवढी असतात. सकाळी लवकर जा, नाहीतर दिवेलागणीला. आठवडी बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रासमोर, म्हणजे बियाणं-औषधांच्या दुकानासमोर, थांबलात तर आजूबाजूच्या गावांची माणसं एकाच जागी भेटतात. पोळ्याला मात्र मालाचा विषय काढू नका.

कृषी केंद्रवाल्याला वगळणं. पेरणीच्या वेळी हातात पैसा असतो तो पीककर्जाचा, आणि ते मिळालं नाही तर कृषी केंद्राची उधारी. सोयाबीन निघतं दिवाळीच्या आसपास, कापसाचा चुकारा त्याहून उशिरा. म्हणून कोणती बाटली घ्यायची यात उधारी देणाऱ्याचा शब्द चालतो. तुम्ही थेट वावरात जाऊन कितीही पटवलंत तरी शेतकरी त्याच्याच काउंटरवर जाणार, आणि तो दुसरा माल पुढे करणार. आधी त्याला भेटा. मागच्या हंगामाचा माल पडून आहे का, रिटर्नचं काय झालं, हे शांतपणे ऐकून घ्या.

“औषध चाललं नाही” म्हटल्यावर वाद घालणं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. “भाऊ, तुमच्या औषधानं काहीच नाही झालं,” असं कोणी म्हटलं की नवखा पोरगा कंपनीची बाजू मांडायला लागतो. त्यापेक्षा विचारा, “काकाजी, पंप किती लिटरचा आहे जी?” पत्रकावरची मात्रा बऱ्याचदा 10 लिटर पाण्याला दिलेली असते. गावात आता 16 ते 20 लिटरचे बॅटरी पंप आहेत, पण झाकणाचं माप जुन्या पंपाचंच राहतं. 20 लिटरच्या पंपात 10 लिटरचं माप टाकलं तर औषध निम्मंच पडतं.

मग पुढचं विचारा. फवारल्यावर पाऊस कधी आला? पाणी गढूळ होतं का? ग्लायफोसेटसारखं तणनाशक मातीच्या कणांना चिकटतं आणि निकामी होतं. एकाच पंपात काय काय मिसळलं होतं? एवढं झालं की त्यांच्यासोबत वावरात जा, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटून पाहा. रस शोषणारे तुडतुडे असतील आणि औषध अळीचं मारलं असेल, तर तक्रारीचा उलगडा तिथेच होतो. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरच्या फवाऱ्यानं ती सापडत नाही. म्हणूनच आधीच कामगंध सापळे लावायचे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे. सलग 3 रात्री सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा. हे समजावून सांगणाऱ्या पोराला पुढच्या वेळी घरी चहा मिळतो, आणि ऑर्डरही.

अंदाजानं मात्रा सांगणं. “एक झाकण जास्त टाका”, “दोन्ही मिसळा, काही होत नाही” ही वाक्यं तोंडून निघताच कामा नयेत. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणारा बहुतेकदा मजूर असतो, आणि डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत औषध त्याच्याच अंगावर येतं. बाटलीवरचा रंगाचा त्रिकोण त्याला दाखवा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा याबद्दल मालकाशी नाही, त्या मजुराशी बोला. उत्तर येत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणा, कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा आणि सांगायला खरंच परत जा.

पावतीबद्दल न बोलणं. बियाणं देताना पक्की पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवायला सांगा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना याचाच आधार असतो. विकणाऱ्यानं आपल्याच मालाविरुद्धच्या तक्रारीची तयारी करून द्यावी, हे वरिष्ठांना पटेलच असं नाही. तरी सांगा. पेरणी फसली की दुबार पेरणीचा खर्च त्या घरावर येतो.