घरच्या शिलाई मशीनवर रुलर धरून क्विल्टिंग कसे करावे

क्विल्टिंग म्हणजे वरचे कापड, मधला भरावाचा थर आणि अस्तर असे तीन थर एकत्र शिवणे. त्यातल्या फ्री-मोशन प्रकारात मशीन कापड सरकवत नाही, ते आपणच हाताने फिरवतो. वेलबुट्टी त्यात जमून जाते, पण सरळ रेषा आणि एकसारख्या कमानी मात्र हटकून वाकड्या होतात. अॅक्रिलिकच्या रुलरला मशीनचा पाय घासत नेला की हे काम साधते.

आधी धोक्याचे. साध्या डार्निंग फूटसोबत (रफू आणि फ्री-मोशनसाठीचा नेहमीचा पाय) रुलर कधीही धरू नका. त्या पायाची कड पातळ असते, रुलर पटकन तिच्याखाली शिरतो आणि सुई अॅक्रिलिकवर आदळते. सुईचा तुकडा डोळ्यात उडू शकतो, मशीनचे टायमिंगही (सुई आणि खालच्या हुकाचा मेळ) बिघडते. कापड कापायची पातळ पट्टीसुद्धा याच कारणाने नको.

साहित्य

जाड, गोल कडेचा रुलर फूट घ्या. तो आपल्या मशीनच्या शँकप्रमाणेच (पाय जिथे बसवतात तो दांडा; कमी उंचीचा लो, जास्त उंचीचा हाय) हवा. लो शँकला साधारण ३ मिमी जाडीचा रुलर लागतो, हाय शँकला ६ मिमी. सुई ९०/१४, दोरा ५० वेटचा (वेट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आकडा) सुती. रुलर घसरू नये म्हणून त्याच्या खालच्या बाजूला बारीक सँडपेपरचे तुकडे चिकटवा. मशीनभोवतीचा पृष्ठभाग एका पातळीत हवा. रुलरचे टोक हवेत राहिले की तो डुगडुगतो.

मशीनची तयारी

कापड पुढे सरकवणारे दाते खाली करा. ती सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा. पाय खाली घेतल्यावर तो क्विल्टला जेमतेम टेकावा. पाय खाली घेणारा खटका खाली करायला विसरलात तर वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो.

आता रुलर पायाला लावून हातचाक एक पूर्ण फेरी फिरवा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी असे चारदा करा. सुईचा स्क्रू रुलरला कुठेही लागता कामा नये.

६ मिमीचा हिशेब

सुई पायाच्या कडेपासून ६ मिमी, म्हणजे पाव इंच आत असते. त्यामुळे टाका रुलरच्या कडेवर पडत नाही, तिच्यापासून ६ मिमी दूर पडतो. ३ इंची गोल साच्याच्या बाहेरून शिवले तर साडेतीन इंचाचे वर्तुळ मिळते. ४ इंची गोल खाचेच्या आतून शिवले तरी साडेतीनच. रुलरवर कडेपासून ६ मिमी आत पर्मनंट मार्करने एक रेघ मारून ठेवा, अंतर राखायला ती फार कामी येते.

सराव: पाकळ्या

१० इंची तुकड्याचे तिन्ही थर टाचून घ्या आणि त्यावर खडूने २ इंची चौकटी आखा.

१. पहिल्या कोपऱ्यात सुई खाली-वर करून बॉबिनचा दोरा वर काढा. जागच्या जागी चार-पाच बारीक टाके घाला.

२. सुई खालीच ठेवून कमानीचा रुलर पायाला भिडवा. चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यापासूनही त्याची कड ६ मिमीवर आहे ना, हे पाहा.

३. डाव्या हाताची बोटे पसरून रुलर दाबा, उजव्या हाताने क्विल्ट धरा. रुलर कापडावर सरकवायचा नसतो. रुलर आणि कापड एकजीव होऊन पायाच्या कडेने सरकले पाहिजेत. दाब खाली द्या, पायाकडे नाही. पायावर रेटा बसला की तो वाकतो, रेषा ढळते आणि सुई प्लेटवर आपटू शकते.

४. कोपऱ्यात सुई खाली ठेवून थांबा, मगच रुलर हलवा. एक कमान वर, पुढची खाली असे ओळीच्या टोकापर्यंत जा. परतताना उलट कमानी घाला; दोरा न तोडता पाकळ्या पूर्ण होतात. मग उभ्या रेघांवरही असेच करा.

इंचाला १० ते १२ टाके यावेत. मशीनचा वेग मध्यम आणि एकसारखा ठेवा, हात त्याच्या तालात चालवा.

बिघडते कुठे

रुलर मध्येच गर्रकन फिरतो, कारण पाय पुढे निघून जातो आणि बोटे मागेच राहतात. दोन-तीन इंचांवर सुई खाली ठेवून थांबा आणि हात पुढे घ्या.

वळणावर मागच्या बाजूला पापण्यांसारखे दोऱ्याचे फाटे दिसले तर तिथे हात मशीनपेक्षा जोरात पळतोय. हात सावकाश करा. तरीही दिसले तर वरचे टेन्शन थोडे वाढवा.

रुलर न हलवता त्याच्या दोन्ही बाजूंनी शिवलेल्या रेषा कडेपासून वेगवेगळ्या अंतरावर पडल्या, तर पाय एका बाजूला कलला आहे. पायाचा स्क्रू सैल करा, सुई पायाच्या बरोबर मधोमध आणा आणि पुन्हा घट्ट पिळा.