सोलापुरात राहून फुकटातला आनंद कसा गोळा करायचा

पहिलं काम, कानातले इअरफोन काढा. बाकी सगळं नंतर. आनंद शोधायचा म्हटलं की लोक पहाटे उठायला सांगतात, डायरी आणा, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा वगैरे, मला तर तो होमवर्कच वाटतो बुवा. सोलापुरात असाल तर त्याची गरज नाही, इथं फुकट मिळणारं बरंचसं कानावाटे येतं कारण आमचं गाव बोलतंच मोठ्यानं, बाहेरच्याला वाटतं भांडण चालू आहे, आणि विचारलेलं असतं फक्त "चहा पिणार काय बे?"

सुरुवात गाडीवरून करा. सात रस्त्याहून पार्क चौकाकडं निघा, आज नाही तर उद्या मागून कुणीतरी ओरडणारच, "ओ काका, स्टँड! स्टँड!" तुम्ही पायानं साइड स्टँड वर घेईपर्यंत तो पुढं निघून गेलेला असतो, तोंडपण दिसत नाही, थँक्यू घ्यायलासुद्धा थांबत नाही. आता विचार करा, त्या माणसाला काय पडलं होतं? स्वतःच्या घाईत होता, तरी स्पीड वाढवून तुम्हाला गाठलं आणि एका शब्दात तुमचा हातपाय वाचवून गेला. कुणाची ओढणी चाकाकडं चाललेली असते तेव्हा तर चार दिशांनी चार जण ओरडतात. आणि ते दिवसा लाइट चालू असल्याचं बोटं उघडमीट करून सांगणारे काका, 2017 पासूनच्या नव्या गाड्यांचा लाइट बंदच होत नाही हे त्यांना कोण सांगणार, सांगूही नका, त्यांना करू दे. तुम्ही एवढंच करायचं की रात्री जेवताना घरात सांगायचं, आज कोण काय ओरडलं. सांगितलं की लक्षात राहतं, आणि दुसऱ्या दिवशी कान आपोआप तिकडं जातो.

मग पाणी. नळाला रोज पाणी येत नाही यात आनंद माना असं मी अजिबात म्हणणार नाही, त्याबद्दल बोंब मारलीच पाहिजे. पण पाणी सुटल्याचं बोळात सगळ्यात आधी ज्या काकूंना कळतं त्या दारं वाजवत जातात, "ओ वैनी, पाणी आलंय, उठा!" झोपेचं खोबरं होतं, चिडचिड होते, पण स्वतःची पिंपं भरून गप्प बसता आलं असतं की त्यांना. पुढच्या वेळी दार वाजलं की आधी "आले ओ" म्हणा, चिडायचं ते नंतर चिडा.

एक दिवस वाकडी वाट करून पूर्व भागातून घरी जा. पॉवरलूमची खटखट गल्लीभर चालू असते, टॉवेल नाहीतर चादर निघत असते आतून, आणि एखाद्या मागाचा आवाज जरा बदलला की कामगाराची मान लगेच तिकडं वळते, आपल्याला काही फरक कळतपण नाही. तिथल्या किराणा दुकानात पाच मिनिटं उगीच उभे रहा, बडीशेप घ्या पाहिजे तर. हिशोब तेलुगूत, गिऱ्हाईकाशी मराठी, फोनवर कन्नड, आणि पोराला शिवी दखनीत, सगळं एकाच माणसाच्या तोंडून.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांचं वेगळं काय सांगायचं, संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दिसतात आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर होतो तेव्हा मोबाइल वर धरून शूटिंग करू नका, ऐका नुसतं. व्हिडिओ शंभर जणांचे येतातच ग्रुपवर.

घरातलं एक. ज्वारीची कडक भाकरी मोडा, पण टीव्ही बंद करून. कट्ट असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर भाकरी मऊ पडली, परत मंद आचेवर तव्यावर ठेवा. चुरा करून दह्यात टाकायचा, वर शेंगा चटणी, ती उखळात कुटलेली हवी, मिक्सरमधल्या चटणीला तसं तेल सुटत नाही आणि याच्यावर मी वाद घालायला तयार आहे. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर चुरा करायचं काम त्यांच्याकडं द्या, करता करता ते काहीतरी जुनं सांगायला लागतात, मिलचा भोंगा, तीन पाळ्या, भोंग्यावर लावलेलं घरातलं घड्याळ. मधे बोलू नका, फक्त "मग?" म्हणत रहा.

आणि हे सगळं घेताय तर थोडं द्यापण. कुणाचं स्टँड खाली दिसलं की लाजू नका, पोटातून ओरडा, गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. समोरच्यानं हेल्मेट घातलं असेल तर मात्र ओरडून उपयोग नाही, बाजूला जाऊन हातानं दाखवा, आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या पुढच्या रिक्षाकडं लक्ष ठेवा.