गेमला संगीत देताय? मग या चुका टाळा

ठाणे, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात घरबसल्या गेम बनवणारी पोरं हल्ली बरीच झालीत. चांगलंच आहे. त्यांचे बिल्ड, म्हणजे गेमच्या खेळून बघायच्या प्रती, माझ्याकडे येतात ते ठरलेल्या निरोपासकट: ‘दादा, सगळं झालंय, फक्त म्युझिक बसत नाहीये.’ या ‘फक्त’चा मला आता कंटाळा आलाय. काय बिघडलं असेल ते बिल्ड उघडायच्या आधीच कळतं.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे संगीत थेट शत्रूच्या अंतराला बांधून टाकणं. शत्रू दहा मीटरच्या आत आला की थरारक ट्रॅक, बाहेर गेला की शांत ट्रॅक. ऐरोलीच्या एका छोट्या टीमने भुताचा गेम केला होता, बंद पडलेल्या कारखान्यात घडणारा. संगीत खरंच सुरेख होतं. टेस्टिंगला त्यांनी एकाच्या शाळकरी भावाला बसवलं. भूत भिंतीपलीकडे येरझाऱ्या घालतंय, हा पोरगा दाराशी उभा, आणि स्पीकरमधून धडाम, शांत, धडाम, शांत. थोड्याच वेळात त्याच्या लक्षात आलं की धडाम झालं म्हणजे भूत जवळ आहे. मग पठ्ठ्याने भुताकडे न बघता, नुसत्या कानावर भिस्त ठेवून अख्खा मजला पार केला. तोही हसत हसत. भीती घालायला केलेलं संगीत त्याला भुताचा पत्ता सांगत होतं! यावर टीमचा निष्कर्ष काय, तर ‘ट्रॅक अजून भयानक पाहिजे.’ अरे, ट्रॅकचा काय दोष?

अशा ठिकाणी मी आधी चढायची आणि उतरायची हद्द वेगळी करतो. दहा मीटरला चढवलं तर सोळाच्या पलीकडे गेल्याशिवाय उतरवायचं नाही, आणि तिथेही सात-आठ सेकंद थांबायचं. भुताच्या गेममध्ये तर अंतर सोडूनच द्या. भुताने खेळाडूला पाहिलं का, यावर संगीत बांधा. आणि बदल कुठेही न करता समेवर करा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्ले-शेड्यूल्ड ही आज्ञा आहे. नुसतं प्ले म्हटलंत तर ट्रॅक फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांच्या, हिशेबाने सुरू होतो, तालाच्या नाही.

शक्यतो ट्रॅक बदलूच नका, त्याच ट्रॅकमध्ये वाद्यांचे थर वाढवा. सगळे थर एकाच क्षणी सुरू करून पहिला सोडून बाकीच्यांचे आवाज शून्यावर ठेवायचे आणि प्रसंग तापला की एकेक वर आणायचा. २०१० च्या रेड डेड रिडेम्प्शन या गेममध्ये बहुतेक संगीत १३० बीपीएम (मिनिटाला १३० ठोके) आणि ए मायनर या एकाच पट्टीत ठेवलं होतं, म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर बसायचा. पण नवख्यांना प्रत्येक लेव्हलला वेगळा ताल आणि वेगळी पट्टी हवी असते, आणि मग ते जोड दिसतो म्हणून रडतात.

मुळात ही पोरं सिनेमा डोक्यात ठेवून संगीत करतात. सिनेमात दार कितव्या सेकंदाला उघडणार ते ठरलेलं असतं. गेममध्ये खेळाडू दारासमोर उभा राहून चहा करायला निघून जातो. म्हणून मी त्यांना गडकरी रंगायतनला जाऊन पार्श्वसंगीत देणाऱ्याकडे बघायला सांगतो. प्रेक्षक हसले, नटाने वाक्य लांबवलं, तरी त्याचा हात फेडरवरच, आवाज कमी-जास्त करायच्या खटक्यावरच असतो. तो नटासाठी थांबतो. किती जण जातात? विचारू नका.

दुसरा छळ लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा. जोडावर ‘टक्’ किंवा बारीकशी उचकी ऐकू येते आणि पोरं तासन्‌तास वेव्हफॉर्म कापत बसतात. फाइल बघावी तर एमपीथ्री! एमपीथ्री करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतो, ती तुमच्या कात्रीने जाणारी नाही. ऑग किंवा वेव्ह फाइल वापरा, विषय संपला. उचकी नसूनही जोड कळत असेल तर शेवटच्या सुराची गुंज कापली गेलीय. यावर उपाय आळशी माणसाला जमेल असा आहे: तोच तुकडा पाठोपाठ दोनदा वाजवून रेंडर करा, म्हणजे त्याची एक फाइल काढा, आणि दुसरी फेरी तेवढी कापून घ्या. पहिल्या फेरीची गुंज तिच्या सुरुवातीला आपोआप येते.

लूपची लांबीही बघा. चाळीस सेकंदांचा लूप वीस मिनिटांच्या लेव्हलमध्ये तीस वेळा वाजतो. त्यात ठसठशीत चाल असेल तर पाचव्या फेरीला खेळाडू आवाज बंद करतो. चाल मेनूला द्या, लेव्हलमध्ये नुसतं वातावरण पुरे.

आता बाकीच्या.

मेनूपासूनच अख्खा ऑर्केस्ट्रा लावू नका, शेवटच्या राक्षसासाठी काय उरणार? मधे मधे काहीच वाजवू नका; पावलांचा आणि पंख्याचा आवाज पुष्कळ काम करतो.

तणावासाठी दरवेळी नवा ट्रॅक लागत नाही. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये चारच सूर होते, फक्त त्यांचा वेग वाढत जायचा.

दोन वेगळ्या ट्रॅकमध्ये सरळ रेषेतला क्रॉसफेड (एक उतरवत दुसरा चढवणं) केलात तर मधोमध आवाज साधारण तीन डेसिबलने खाली बसतो. क्रॉसफेडचा इक्वल पॉवर हा प्रकार निवडा.

गेम भारतातला म्हणून सतार, दुःख म्हणून संथ पियानो. कृपा करा. गावजत्रेचा प्रसंग असेल तर संबळ आहे ना.

मिक्स नुसत्या चांगल्या हेडफोनवर ऐकून पास करू नका. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दीच्या वेळी फोन आणि स्वस्तातले इअरफोन घेऊन ऐकतो. बास तर गायब होतोच, पण संवादही बुडत असतील तर घरी येऊन संगीत खाली घेतो. आकडा हवाच असेल तर सोनीच्या शिफारशीत घरच्या कन्सोलला उणे २३ लफ्स (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) आहे आणि हातातल्या उपकरणाला उणे १८.

संगीत, संवाद आणि इफेक्ट यांचे स्लायडर वेगवेगळे द्या. एकच मास्टर स्लायडर देणाऱ्याशी मी वाद घालत नाही, बिल्ड परत पाठवतो.

आणि फुकट उतरवलेला ‘एपिक’ ट्रॅक वापरण्याआधी त्याचं लायसन्स पूर्ण वाचा. श्रेय द्यायची अट आहे का, धंद्यासाठी वापरता येतो का, आणि तुमचा गेम कुणी यूट्यूबवर खेळून दाखवला तर त्याच्या व्हिडिओवर दावा लागेल का, हे तिन्ही तिथेच कळतं. उत्तर सापडलं नाही तर तो ट्रॅक घेऊ नका.